नागूदादाची गोळी

शिकारीच्या गप्पा ऐकल्या की माझं डोकं फिरतं. शिळफाट्याच्या हॉटेलात शेजारच्या बाकड्यावर कुणीतरी सुरू होतो, "आमच्या आजोबांनी वाघ मारला, दोन डोळ्यांच्या मधोमध गोळी," आणि मी अर्धा चहा टाकून उठतो. कर्जत-खालापूरच्या रानात या आजोबांनी मारले तेवढे वाघ खरंच असते, तर आजोबा शिल्लक राहिले नसते. आणि दोन डोळ्यांच्या मधोमध कुणी शहाणा माणूस गोळी घालत नाही. तिथलं हाड उतरतं असतं, गोळी घसरते आणि जनावर अंगावर येतं. हे मला नागूदादाने शिकवलं. त्याला चाळीस वर्षांत कुणी फुशारकी मारताना ऐकलं नाही, आणि त्याचीच गोष्ट लोक उलटी सांगतात, म्हणून मला बसून लिहावं लागतंय.

नागूदादा म्हणजे नागू धोंडू ठोंबरे. आमची वाडी डोंगराच्या पायथ्याशी. खाली भाताची खाचरं, वर करवंदीच्या जाळ्या, त्याच्याही वर ठाकरांची वस्ती. नागूदादाच्या आणि आमच्या घराची भिंत एक. त्याचे आई-बाप पटकीत गेले तेव्हा त्याचा धाकटा भाऊ सखा अजून रांगत होता. नागूदादाने त्याला कडेवर घेऊन नांगर धरला, असं माझी आई सांगायची. पुढे नागूदादाचं लग्न झालं, बायको पहिल्या बाळंतपणातच गेली, मूलही गेलं. लोकांनी दुसरी बायको कर म्हणून लकडा लावला. त्याचं एकच उत्तर असायचं, "दुसरी आली नि तिनं सख्याला धड जेवाय घातलं नाय तर?" सखा तेव्हा चांगला मिसरूड फुटलेला गडी होता. पण नागूदादाच्या लेखी तो कडेवरून खाली उतरलाच नव्हता.

सखा आणि मी बरोबरीचे. मला वाडीत गजा म्हणतात. मी पुढे खोपोलीच्या एका कारखान्यात चिकटलो, सखा शेतीत राहिला. त्याचं लग्न मैनाशी झालं, एक मुलगी झाली, सुंदरा. चौघांचं घर आणि एक बैलजोडी. आणि आढ्याला टांगलेली ठासणीची बंदूक.

बंदुकीचं लायसन पीक राखायला म्हणून नागूदादाच्या नावावर होतं. भात पोसवलं की डुकरं उतरतात आणि रातोरात खाचर नांगरल्यासारखं करून जातात. म्हणून कापणीनंतर दरवर्षी हाका घालायचा. वरच्या वस्तीतल्या धाऊची माणसं डोंगराकडून आरडाओरडा करत, डबे वाजवत जनावर खाली ढकलायची, आणि बंदूकवाले घळीच्या तोंडाशी जागा धरून बसायचे. दारू, शिसं, ठासायचा गज, सगळं घरचं. गोळ्याही घरी ओतायच्या. नागूदादाच्या नळीचं तोंड मोठं, त्यामुळे त्याची गोळी बोराएवढी. सखा मामाकडची जुनी बंदूक मागून आणायचा, तिची गोळी जेमतेम वाटाण्याएवढी. त्यावरून आम्ही सख्याला चिडवायचो की तू डुक्कर मारतोस की त्याच्या अंगात बी पेरतोस.

नेमबाजी शिकवायची नागूदादाची रीत न्यारी होती. तो अंगणात ढवळ्या बैलाला उभा करायचा आणि गेरूच्या बोटाने त्याच्या अंगावर टिळा लावायचा. पुढच्या पायाच्या मागे, बगलेच्या वर चार बोटं. "इथं काळीज. इथं लागली तर जनावराला दुखायच्या आत संपतं." मग तो बैलाला थोडा तिरका वळवायचा आणि विचारायचा, आता कुठं? आम्ही त्याच टिळ्यावर बोट ठेवलं की डोक्यात टपली बसायची. तो पहिला टिळा पुसून दुसरीकडे लावायचा. "गोळी कातड्याला मारायची नाय रं, आतल्या काळजाला मारायची. बैल वळला की कातडं वळतं. तू आतलं बघ." ढवळ्या बिचारा स्वतःच्या मरणाची जागा अंगावर मिरवत रवंथ करत उभा असायचा आणि कंटाळला की आमच्या पायाशी शेण टाकायचा. मैना ओटीवरून हसायची. थोरल्या दिराशी तिने तोंड वर करून बोलायची रीत नव्हती, पण हसायला कुणाची बंदी नव्हती.

बाकीचे धडे बिनबैलाचे. धावत्या जनावरावर चाप ओढायचा नाही. पाठमोऱ्या जनावरावर तर नाहीच. पुढचा पाय पुढे पडेपर्यंत थांबायचं, म्हणजे बगल उघडी होते. अख्खं जनावर बघायचं नाही, त्याच्या अंगावरचा एक केस बघायचा. गोळी लागून पळालं तर रक्त बघायचं. फेसाळ लाल असेल तर फुप्फुसाचं, जनावर जवळच पडलेलं असेल. काळपट असलं तर थोडा वेळ बसून जायचं. आणि रक्तात हिरवट घाण असेल, वास मारत असेल, तर गोळी पोटात गेली. मग बसायचं, निवांत बसायचं, कारण पोटात लागलेलं जनावर मरत नाही, जाळीत जाऊन वाट बघतं. हे सांगताना त्याचा आवाज खाली जायचा. पोटात गोळी घालणं हे त्याच्या दृष्टीने पाप होतं. "त्या मुक्या जिवाचं काय हाल हुत असंल," असं तो म्हणायचा, आणि मग त्या दिवशी शिकवणी बंद.

वाडीचा एक नेम होता, तो इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. जनावर पडलं तर ज्याच्या गोळीने पडलं त्याला मुंडकं आणि मागचा पाय, बाकीचे वाटे सगळ्यांना सारखे, ठाकरांनाही. पण जखमी होऊन पळालं, तर ज्याची गोळी त्यानेच सगळ्यांच्या पुढे जाळीत शिरायचं. आणि जनावर सापडेपर्यंत त्याने अन्नाला शिवायचं नाही. नेम जुना होता, पण ढिला पडला होता. तो घट्ट केला नागूदादाने. त्याच्या लहानपणी कुणीतरी जखमी डुक्कर तसंच सोडून घरी आलं, आणि दुसऱ्या दिवशी सरपणाला गेलेल्या बाईला त्या डुकराने फाडलं. ती बाई नागूदादाची मावशी. तेव्हापासून त्याच्यासमोर कुणी "जाऊ दे, मरंल ते आपोआप" म्हटलं, की तो त्या माणसाला वाडीसमोर उभं करून बोलायचा. भले भले त्याला वचकून असायचे.

आणि त्याची स्वतःची गोळी? ती चुकत नाही. हे आमच्याकडे भात पांढरा असतो इतकं उघड होतं.

रसायनीला कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहायला लागल्या, त्या सुमाराची गोष्ट. नागूदादा पन्नाशीला टेकला होता. त्याच्या काही बारीकसारीक गोष्टी आम्हाला दिसत होत्या, पण त्यांची बेरीज कुणी केली नाही. दारू मोजताना तो मापाच्या कडेला बोट लावून भरायचा. एकदा त्याने धाऊच्या कुत्र्याला "ही शेरडी कुनाची?" म्हणून हटकलं, आणि आम्ही थट्टा समजून पोट धरून हसलो. सुईत दोरा ओवायला तो सुंदराला हाक मारायचा आणि म्हणायचा, पोरीला काम लागलं पाहिजे. नागूदादाला दिसत नाही, असं आमच्या मनातही आलं नाही. देवळाचा कळस वाकडा झालाय असं कुणाच्या मनात येतं का?

त्या वर्षी एक एकटं फिरणारं मोठं डुक्कर आलं होतं. कळपातून बाहेर पडलेलं, सुळे बाहेर आलेले, अंगाने रेडकाएवढं. कापणी उरकली आणि हाका ठरला. नागूदादा घळीच्या अलीकडे उंबराखाली बसला, सखा पलीकडे खडकावर. मी हाक्यात धाऊबरोबर होतो. उन्हं चांगली वर आली होती तेव्हा डुक्कर उठलं. आमच्या पुढून काळा धोंडा गडगडत जावा तसं ते घळीत उतरलं आणि दोन बार झाले. दोन कसले, जवळजवळ एकच आवाज. आम्ही धावत खाली आलो तर डुक्कर करवंदीच्या मोठ्या जाळीत घुसलेलं आणि घळीत नुसता दारूचा धूर.

धाऊ रक्तावर वाकला. बोटाला लावलं, वास घेतला आणि बोट पानाला पुसलं. "पोटात हाय," एवढंच म्हणाला.

सगळ्यांच्या माना सख्याकडे वळल्या. दोन बंदुका, एक गोळी पोटात, आणि दोघांतला एक नागूदादा. तेवढ्यात नागूदादा घळीतून वर आला. त्यानेही रक्त बोटावर घेऊन हुंगलं. त्याचा चेहरा असा झाला, जसं कुणी त्याच्या तोंडात मारलं.

"सख्या, पोटात मारलीस रं."

सखा खडकावरून उतरून आला होता. तो नागूदादाकडे बघत राहिला. जरा जास्तच वेळ बघत राहिला, हे मला तेव्हाही जाणवलं. मी समजलो, लाजला.

"बैल बांधून शिकवलं तुला," नागूदादा सगळ्यांसमोर म्हणाला. "टिळं लावून शिकवलं. मुक्या जनावराला पोटात? आता नेम ठावं हाय नं?"

"हां दादा," सखा म्हणाला. "ठावं हाय. मीच जातो."

पोटातली गोळी, म्हणून आम्ही थांबलो. जनावराला बसू द्यायचं, त्याचं अंग आखडू द्यायचं. बायका खालून भाकऱ्या घेऊन आल्या. सगळे खाचराच्या बांधावर जेवायला बसले, सखा सोडून. त्याला नेमाप्रमाणे उपास. तो जरा लांब आंब्याखाली बसला आणि मैना त्याच्यापाशी गेली. ती दोघं बोलत होती. मैनाने त्याचा दंड धरलेला मला दिसला. सखा हसत होता, तिचा हात सोडवत होता. मग तिने पदराने डोळे पुसले आणि रिकामी टोपली घेऊन ती खाली न जाता तिथेच उभी राहिली. आमच्यातला एक जण म्हणाला, "बायकोला लागलंय जास्त," आणि दोघं-तिघं हसले. नागूदादा हसला नाही. तो भाकरी मोडून तशीच हातात धरून बसला होता.

उन्हं कलायला लागली तेव्हा उठलो. सखा पुढे, त्याच्या मागे धाऊ कुऱ्हाड घेऊन, मग नागूदादा, मग आम्ही. जाळीच्या तोंडाशी नागूदादा त्याला म्हणाला, "सख्या, घाई करू नको. बगल दिसल्याबिगर चाप ओढू नको." सख्याने मागे न बघता मान हलवली.

तो आत शिरला आणि थोड्याच वेळात डुक्कर हुंकारलं. ते बाजूने आलं. सख्याने बंदूक फिरवली, बार झाला, आणि धुरातून डुक्कर बाहेर आलंच. त्याने सख्याला मांडीपासून वर उचलल्यासारखं केलं आणि त्याच झोकात पुढे जाऊन स्वतःही कोसळलं. परत उठलं नाही. धाऊने त्याच्या मानेवर कुऱ्हाड घातली, पण ते आधीच मेलं होतं.

सख्याची मांडी उघडी पडली होती. धोतरं फाडून बांधली, करकचून बांधली, रक्त थांबेना. घोंगडीच्या झोळीत घालून आम्ही धावत निघालो. रस्त्यावर ट्रक मिळाला असता, खोपोलीला डॉक्टर मिळाला असता. मैना झोळीला धरून धावत होती. सख्याने एकदा डोळे उघडले. नागूदादा त्याच्या तोंडाजवळ वाकला. आम्ही सगळ्यांनी ऐकलं, तो म्हणाला, "दादा, ते डुक्कर पुरून टाका. पुरून टाका." नागूदादा "हां रं, हां रं" म्हणत राहिला. रस्ता दिसायच्या आत सखा गेला.

माझा मित्र होता तो. त्याच्याइतका सरळ हसणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

सख्याने पुरायला सांगितलं ते रीतीला धरूनच होतं. माणूस मारलेलं जनावर आमच्याकडे खात नाहीत, त्याला सुरीही लावत नाहीत. खड्डा खणायचा, मीठ टाकायचं आणि अख्खं पुरायचं. सख्याला अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खड्डा खणला. चार माणसं जमली की बोलणार, तशी बोलत होती. खणता खणता एक जण म्हणाला, "गडी चांगला, पन नेम कच्चा. पोटात मारलं, भोगलं." दुसरा म्हणाला, "भावाचं काय घेतलं नाय." हे कुणी दुष्टपणाने बोललं नाही. वाडी असंच बोलते.

नागूदादा मागे उभा होता. त्याने ऐकलं. तो घरी गेला आणि कोयता घेऊन आला. आम्हाला वाटलं झुडूप तोडायला. तो डुकराजवळ गुडघ्यांवर बसला आणि त्याने पोटाला कोयता लावला.

"नागूदादा, नको," मी म्हणालो. "रीत नाय. सखाबी म्हनला व्हता, पुरा."

"गप ऱ्हा गजा."

धाऊही पुढे झाला होता, तो थबकला. नागूदादाने आधी छातीवर हात फिरवला. पुढच्या पायाच्या मागे, बगलेच्या वर, एक बारीकसं भोक होतं. त्याने बोट घालून पाहिलं. ती सख्याची जाळीतली गोळी. ढवळ्याच्या अंगावर गेरू लागायचा नेमका तिथे. काळजात गोळी बसलेलं डुक्करही मरता मरता तेवढं अंतर येतं, एवढाच सख्याचा अपराध. मग नागूदादाने पोट फाडलं. वास असा सुटला की आम्ही मागे सरलो. त्याने कोपरापर्यंत हात घातला, डोळे मिटून चाचपडत राहिला, आणि काही वेळाने मूठ बाहेर काढली. मूठ त्याने आमच्यापुढे उघडली. बोराएवढी गोळी होती.

नागूदादा आमच्याकडे बघत नव्हता, बघितलं असतं तरी त्याला कितपत दिसलं असतं कोण जाणे. तो म्हणाला, "मी डुक्कर बघितलंच नव्हतं. काळं काय तरी हाललं, मी चाप ओढला. दोन सालं झाली, मला बंदुकीच्या नळीवरची नेमाची माशीबी धड दिसत नाय." मग तो मोठ्याने रडायला लागला. पन्नाशीचा माणूस, हाताला ती घाण, आणि लहान पोरासारखा भोकाड पसरून. त्याला सावरायला जवळ जावं असं वाटत होतं आणि जाववत नव्हतं.

तो तसाच घरी आला. हात धुतले, गोळी धुतली आणि ओटीच्या पायरीवर ठेवली. मैना दारात बसली होती. "मैना, सख्याची चूक नव्हती. गोळी माझी हाय. मी मारला त्याला." मैनाने गोळीकडे पाहिलं, पदर पुढे ओढला आणि आत निघून गेली.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. सुरुवातीला कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण थोरल्या दिराशी कमी बोलायचीच रीत. पण हळूहळू दिसायला लागलं. ती त्याला वेळेवर जेवायला वाढायची, त्याचं धोतर धुवायची, तापात त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवायची. शब्द मात्र एक नाही. काही सांगायचंच झालं तर सुंदराला सांगायची, "काकाला म्हन, पानी तापलंय." माहेरचे न्यायला आले तेव्हाही गेली नाही. वाडीने अर्थ लावला, बरोबर आहे, नवऱ्याला मारणाऱ्याशी कोण बोलेल. नागूदादानेही तोच अर्थ लावला. ते त्याने पदरात घेतलं.

बंदूक त्याने खालापूरला जाऊन जमा केली, परत आणली नाही. पुढे सरकारने शिकारच बंद केली, पण आमच्या वाडीची आधीच बंद झाली होती. डोळ्यांचं शिबिर भरलं तेव्हा मी त्याला न्यायला गेलो, तर म्हणाला, "बघायचं काय ऱ्हायलंय आता?" मी चिडलो, भांडलो, मोतीबिंदू आहे, चुटकीसरशी काढतात म्हणून सांगितलं. तो ओटीवरून हलला नाही. काही वर्षांत त्याला पुरतंच दिसेनासं झालं.

शेती मैनाने केली. नांगराला गडी लावायची, बाकीचं स्वतः. भाजी घेऊन शिळफाट्याच्या बाजारात बसायची. सुंदराचं लग्न तिने चौकला करून दिलं, चांगलं स्थळ बघून.

आणि नागूदादा? तो येईल त्याला ती गोष्ट सांगायचा. पोस्टमन आला, त्याला. बांगड्या भरणारी आली, तिला. लग्नात, बारशात, दिंडी-भजनाला आलेल्या परक्या गावच्या माणसांना. सुरुवात ठरलेली, "माझा भाव सखा. लोक म्हनतात त्याचा नेम चुकला. त्याचा नाय, माझा चुकला." आणि मग बोराएवढ्या गोळीपर्यंत सगळं. माणसं आधी हळहळली, मग कंटाळली, मग त्याला टाळायला लागली. काही टवाळ पोरं मुद्दाम छेडायची, "नागूदादा, गोळी कुनाची?" तोही सरळ मनाने परत सुरू करायचा. मी एकदा दोघांच्या मुस्काटात मारली आहे, आणि त्याचं मला काही वाटत नाही. एवढं सांगूनही उपयोग काय झाला? लोक अजून म्हणतात की सख्याने पोटात मारलं. नागूदादाचा नेम चुकला हे त्यांना पटतच नाही. म्हातारा भावाच्या दुःखाने भ्रमला आणि आळ स्वतःवर घेतो, असं म्हणून ते मोकळे होतात.

सुंदराच्या सासऱ्याची पहिली भेट, तेव्हाची गोष्ट. लग्नात गडबडीत बोलणं झालं नव्हतं, म्हणून व्याही मुद्दाम दुपारचे आले. मीही जाऊन बसलो. चहा झाला, पावसापाण्याचं बोलणं झालं. मैना आतल्या बाजूला सुपात तांदूळ घेऊन बसली होती. नागूदादा भिंतीला टेकून होता. मध्येच त्याने घसा खाकरला, आणि मला कळलं आता काय येणार.

"तुमच्या सुनंचा बाप, माझा भाव सखा," तो म्हणाला, "लोक म्हनतात त्याचा नेम चुकला—"

"पुरे करा, भावजी."

सुपाचा आवाज थांबला होता. व्याह्यांना त्यात काही वेगळं वाटलं नसावं. मी मात्र चटकन आत वळून बघितलं. नागूदादाने मान वळवली, आवाज कुठून आला ते शोधत.

"मैना? तू बोललीस?"

"पुरे करा म्हनते. सुंदराच्या बापाला ठावं हुतं."

"काय ठावं हुतं?"

मैना दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदरही तिने सावरला नाही.

"गोळी तुमची हाय ते. ह्यांची गोळी खडकाला लागली. ठिनगी बघितली ह्यांनी डोळ्यांनी. मी भाकर घेऊन आले तवा मला सांगितलं. म्हनले, दादाला दिसत नाय, लई दिसांपासून दिसत नाय. नेमानं दादा जाळीत गेला तर परत येत नाय. मला दिसतंय, मी जातो. मी लई धरलं, नाय ऐकलं. म्हनले, कुनाला बोलू नको, चार मान्सांत दादाचं नाव हाय."

नागूदादा भिंत सोडून आवाजाच्या दिशेने पुढे सरकला.

"मी नाय बोलले," मैना म्हणाली. "मरताना पुरा म्हनले, ते कशापायी? कुनाला कळू नये म्हनून. तुमी फाडलंत. बरं, फाडलंत तर फाडलंत. पन ह्यांनी जीव घालून झाकलं, ते तुमी रोज येईल-जाईल त्याच्याम्होरं उघडं करता. मंग ह्यांनी जीव कशाला घातला?"

तिला रडू फुटत होतं आणि ती रडत नव्हती. आम्ही एवढी वर्षं समजत होतो की हिचा राग मारल्याचा आहे. व्याही खाली मान घालून बसले. अंगणात कोंबड्या तांदळाच्या कण्यांवर भांडत होत्या.

मग नागूदादा बोलला. आवाज इतका बारीक की मला पुढे वाकावं लागलं.

"त्याला ठावं हुतं, तर मला का नाय बोलला तो? मी तितंच हुतो की. त्याच्या म्होरंच उभा हुतो. एकदा बोलायचं, दादा, तुझी हाय म्हनून. मी गेलो असतो गं. मी आनंदानं गेलो असतो."

"तुमी इचारलंत का?" मैना म्हणाली.

गोळी कुणाची, हे नागूदादाने विचारलं नव्हतं. आम्ही घळीत एवढी माणसं उभी होतो, आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं.